शालिग्रामची सांगड

शालिग्राम भोईला सैल वस्तू बघवत नसे. लग्नाला गेला तर पंगतीआधी मांडवाच्या दोऱ्या ओढून बघायचा. कुणाकडे पाहुणा म्हणून बसला आणि खाट कुरकुरली, तर खाट उलटी करून तिच्या पायात पाचर ठोकायचा, आणि घरची बाई चहा घेऊन येईस्तोवर खाट मुकी झालेली असायची. दहा-अकराचा पाना त्याच्या खिशात कायम. त्याची बायको कलाबाई सांगायची की मंगळसूत्र घालतानाही यांनी आधी दोरा ओढून पाहिला होता. ही तिनं रचलेली गोष्ट असणार, पण शालिग्रामला ओळखणाऱ्यांना ती खरीच वाटायची.

ही खोड त्याला धंद्यातून लागली होती. सुरतेच्या नवागामात राहणारा हा खानदेशी माणूस लूमच्या कारखान्यात मास्तर होता, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. अठ्ठेचाळीस लूम एका छताखाली धडधडत असताना हा दारात उभा राहून नुसता कान द्यायचा आणि म्हणायचा, तिसऱ्या ओळीतल्या पाचव्याचा बोल्ट ढिला झालाय. कारागीर आधी हसायचे आणि मग जाऊन बघायचे. लूमवर सुतभर ढील राहिली की धागा तुटतो, धागा तुटला की कापडात डाग पडतो. वीस वर्षं हेच करणाऱ्या माणसाला सगळं जग आवळून ठेवावंसं वाटलं तर त्यात नवल नाही. नवल हे, की अशा माणसानं नाव बांधायला घेतली.

त्यासाठी त्याच्या बापाची गोष्ट सांगायला हवी. उखाबा मूळचा तापीकाठच्या पिंपळथडीचा नावाडी. तिथं नदीवर पूल नव्हता. पलीकडे शेतं, बाजार, सोयऱ्यांची गावं, आणि मधे तापीचं पात्र. उखाबाची सांगड होती, म्हणजे दोन होड्या शेजारी ठेवून वर आडवी लाकडं बांधलेली. एकटी होडी कलंडते, सांगड कलंडत नाही, म्हणून तिच्यावर बैलगाडीसुद्धा चढायची. पलीकडे उतरलं की उतारू आपल्या पदराच्या, धोतराच्या टोकाची गाठ सोडायचा आणि ओंजळभर दादर नावाड्याच्या ओंजळीत ओतायचा. दादर म्हणजे खानदेशातली रब्बीची ज्वारी, आणि ओंजळीला तिथं म्हणतात वंजय. टोपलीत टाकायची नाही, खाली ठेवायची नाही. ज्यानं उतरवलं त्याच्याच हातात द्यायची, आणि दिली की मागं न बघता काठ चढून जायचं. नावाड्याच्या घरच्या माणसांनी मात्र कधी दादर द्यायची नाही, कारण घरचा माणूस उतारू नसतो.

शालिग्राम बारा वर्षांचा असताना एकदा उखाबाला हिवतापानं पाडलं. पोरानं आईला न विचारता चार उतारू सांगडीवर घेतले आणि वल्हं हातात धरलं. मधल्या धारेला लागल्यावर त्यानं ते इतकं घट्ट धरलं, इतकं जोरानं दाबलं, की सांगड काही त्याचं ऐकेना. ती वाहत वाहत अर्धा कोस खाली जाऊन वाळूच्या पट्ट्यावर बसली. कुणी बुडालं नाही. उतारू हसत हसत गुडघाभर पाण्यातून चालत काठाला गेले. मागून उखाबा ताप अंगावर घेऊन, घोंगडं पांघरून तिथवर आला, आणि त्या चौघांनी आपापली दादर त्याच्या ओंजळीत ओतली. पोरानं पुढं केलेले हात तसेच राहिले. उखाबानं घरी येताना एवढंच म्हटलं, "तुन्हा हात पानीना नही, पोऱ्या. तू पानीले दाबस."

तो रागानं बोलला नव्हता. सुतार जसं लाकूड बघून सांगतो की याचा पाट होईल, याचं दार होणार नाही, तसं बोलला होता. म्हणूनच ते शालिग्रामच्या जिव्हारी लागलं. पुढं सोळाव्या वर्षी तो सुरतेला आला, लूमवर लागला, मास्तर झाला, पत्र्याच्या जागी स्लॅबची खोली केली. लोक त्याला मान देत होते. पण माणसाला दुसऱ्यांनी दिलेल्या मानाचं काही वाटत नाही, बापानं न दिलेला तेवढा रुतून राहतो.

मग पिंपळथडीला पूल झाला. पहिले काही दिवस लोक उखाबाला बरं वाटावं म्हणून सांगडीनं गेले, नंतर एसटी सुरू झाली. एका पावसाळ्यात उखाबानं सांगड काठाला बांधलीच नाही आणि पुरानं ती नेली. बायको आधीच गेली होती. शालिग्राम त्याला सुरतेला घेऊन आला. ते साल चौऱ्याऐंशी. त्या दिवसापासून हा म्हातारा नवागामच्या गल्लीत, घराच्या ओट्यावर बसून होता. कारखान्यातून लूमचं वेस्ट यायचं, म्हणजे उरलेल्या पॉलिएस्टर धाग्यांचे गुंते. ते मांडीवर पिळून तो दोऱ्या वळायचा. गल्लीतल्या झोळ्या, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, शेळ्यांची दावी, सगळं उखाबाच्या हातचं. फुकट द्यायचा. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तरी हात थांबले नाहीत.

एकच गोष्ट त्यानं केली नाही. तीच तापी सुरतेतून वाहते. नवागामपासून रिक्षानं अर्धा तास. बारा वर्षांत उखाबा तिच्या काठी एकदाही गेला नाही. कानबाई देवीच्या विसर्जनाला सगळी खानदेशी माणसं वाजतगाजत नदीवर जायची तेव्हाही हा ओट्यावर. कुणी आग्रह केला तर म्हणायचा, "नदीले आते मन्हं काय काम?"

शालिग्रामला हे बोलणं झोंबायचं. बाप आंधळा व्हायच्या आत, मरायच्या आत, त्याला एकदा पाण्यावर बसवायचं हे त्याच्या मनानं घेतलं होतं, पण भाड्याच्या नावेत नाही. आपल्या हातच्या नावेत, आपल्या हातानं चालवून. यात बापाची माया किती होती आणि बारा वर्षांच्या पोराचा हट्ट किती होता, हे त्याला स्वतःला विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

त्र्याण्णवच्या दिवाळीत कारखान्याला सुट्टी होती, तेव्हा बायकोपोरीला घेऊन तो डुमसच्या किनाऱ्यावर गेला. तिथं वाळूवर एक नाव ओढून ठेवली होती. दोन अरुंद, लांब होडकी, त्यांच्यामधे आडव्या दांड्या, त्यावर ताणलेली जाळी, आणि मधोमध डोलकाठी. कलाबाई भजी घेऊन आली तर नवरा नावेभोवती प्रदक्षिणा घालत होता. ती हजीऱ्याकडच्या कुठल्याशा कारखान्यातल्या इंजिनिअरची होती. तो भला माणूस निघाला. त्यानं सांगितलं की याला कॅटॅमरान म्हणतात, ही मी घरच्या गॅरेजात प्लायवूडची बांधली, आणि शिडावर चालते.

"हमारे यहाँ इसको सांगड बोलते हैं," शालिग्राम म्हणाला. "मेरे बाप के पास थी. शीड नहीं था."

इंजिनिअर खूश झाला. पुढच्या रविवारी त्यानं नकाशाच्या झेरॉक्स काढून दिल्या. शालिग्रामनं त्या महिनाभर उशाशी घेऊन वाचल्या. इंग्रजी येत नव्हतं, पण लूमची पुस्तकंही इंग्रजीत असायची आणि लूम चालायचेच. सगळं समजलं, एक सोडून. आडव्या दांड्या होडक्यांना जिथं जोडायच्या तिथं नकाशात बोल्ट नव्हता, दोरीचे वेढे दाखवले होते. शालिग्राम हसला. एवढा शिकलेला माणूस आणि दोरीनं बांधतो. आपला बाप दोरीनं बांधायचा, कारण त्याच्याकडे बोल्ट नव्हते. गरिबाची गोष्ट वेगळी. त्यानं पेन्सिलनं दोरीवर फुली मारली आणि तिथं लोखंडी अँगल काढला, चार-चार बोल्टांचा.

नाव बांधायची कुठं हा प्रश्न होता. गल्ली सात फुटांची, त्यात सायकली, पाण्याची पिंपं, बाज टाकून झोपलेली रात्रपाळीची माणसं. तो प्रश्न प्लेगनं सोडवला. चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात बातमी फुटली आणि चार दिवसांत नवागाम रिकामं झालं. माणसं तोंडाला फडकी बांधून, मिळेल त्या गाडीनं खानदेशात पळाली. कलाबाई लेकीला घेऊन माहेरी अमळनेरकडे गेली. उखाबा म्हणाला, मी कुठं जात नाही, माझं वय झालं. मग शालिग्रामलाही राहावं लागलं. कारखाने बंद. दारांना कुलपं. पहिले दोन दिवस तो ओट्यावर बापाशेजारी बसून घाबरला. तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की समोरची गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी आहे. त्याला स्वतःची थोडी लाज वाटली, पण प्लायवूड त्यानं आणलंच.

महिनाभरानं माणसं परतली तेव्हा गल्लीच्या भिंतीला लागून सोळा-सोळा फुटांचे दोन सांगाडे उभे होते. प्लायच्या कापलेल्या फळ्या तांब्याच्या तारेनं शिवून उभ्या केल्या होत्या. सांध्यांवर नंतर रेझिन लावायचं होतं. लोकांनी आधी शिव्या दिल्या, मग चौकशा केल्या, आणि शेवटी सल्ले द्यायला लागले. शेजारचा सुपडू टेम्पो चालवायचा. त्यानं पैज लावली की ही नाव गल्लीबाहेर काढायला मास्तरला भिंत पाडावी लागेल. पण शालिग्राम एवढा बावळट नव्हता. होडकी सुटी नेऊन नदीकाठी जोडायची होती. पैजेचं म्हणून सुपडूनं टेम्पो फुकट द्यायचं कबूल केलं.

नाव व्हायला पुढं दीड वर्ष गेलं. रविवार आणि पाळी संपल्यावरचे तास. शीड कलाबाईनं शिवलं. ती घरी साड्यांना लेस लावायची, मशीन होतंच. कारखान्यातलं जाड ग्रे, म्हणजे न रंगवलेलं, कापड आणलं, तीन पट्ट्या जोडल्या, आणि शीड जमिनीवर पसरलं तर खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. "एवढी मोठी साडी नेसणारी कोण शे, तिले एकदा दखाडा तरी," ती नवऱ्याला म्हणाली. शिवण मात्र तिनं तिहेरी मारली. नवऱ्याचं खूळ आहे हे तिला कळत होतं, पण ते खूळ कशासाठी आहे हेही कळत होतं.

उखाबा या दीड वर्षात काही बोलला नाही. होडकी त्याच्या ओट्यासमोरच होती. कधीकधी दुपारी, गल्ली झोपलेली असताना, तो उठून त्यांच्यावरून हात फिरवायचा, नाकापासून शेपटीपर्यंत, आणि परत येऊन दोरी वळायला बसायचा. शालिग्राम वाट बघत होता. अँगल बसवताना त्यानं मुद्दाम बापाच्या समोर बसवला, बोल्ट आवळताना आवाज होईल असा आवळला. "आबा, हात लावी दख. हालस का?" म्हाताऱ्यानं हात लावून पाहिला. "हालत नही," तो म्हणाला. शालिग्रामला ती शाबासकी वाटली.

शहाण्णवच्या पाडव्याला नाव पाण्यात घालायचं ठरलं. आदल्या दिवशी त्यानं बापाला विचारलं. उखाबा म्हणाला, "तू जाई ये." एवढंच. शालिग्रामनं मान हलवली आणि बाहेर जाऊन उगाच सुपडूवर खेकसला.

उमऱ्याच्या ओवाऱ्यावर, म्हणजे नदीच्या पायऱ्यांशी, शालिग्राम आणि सुपडूनं नाव जोडली. कलाबाईनं हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. भरतीचं पाणी पायऱ्यांना लागलं होतं आणि नदी अशी शांत होती की शालिग्रामला वाटलं, एवढ्याला का घाबरलो आपण. शीड चढवलं तेव्हा वाऱ्यानं ते हळूच भरलं आणि नाव निघाली. सुपडू देवाचं नाव घेत जाळीला चिकटला होता. शालिग्रामच्या हातात सुकाणू होतं. पाऊण तास तो सुखात होता, इतका की त्याला बापाची आठवणसुद्धा राहिली नाही.

मग ओहोटी लागली. पाणी समुद्राकडे ओढू लागलं आणि समुद्राकडून दुपारचा वारा आला. पाणी एकीकडे, वारा दुसरीकडे, मधे लाटा उठल्या. फार मोठ्या नव्हेत, कमरेएवढ्या, पण जवळजवळ. एक होडकं लाटेवर चढायचं तेव्हा दुसरं खड्ड्यात असायचं. त्याला उठायचं असायचं, याला बसायचं असायचं, आणि मधला लोखंडी अँगल दोघांनाही सोडत नव्हता. शालिग्रामच्या कानाला ते आधी कळलं. डाव्या पुढच्या जोडातून कडकड आवाज आला, लूमचा दांडा जाण्याआधी येतो तसा. त्यानं खिशातला पाना काढला आणि लाटांवर वाकून बोल्ट आणखी आवळला. सुपडू ओरडत होता की मास्तर, काठाला घ्या. दुसऱ्या लाटेला बोल्ट प्लाय फाडून बाहेर आला, तिसरीला दुसरा. होडक्यात पाणी शिरलं. मासेमारीच्या एका नावेनं दोरी टाकली म्हणून दोघं काठाला लागले. ओहोटीच्या चिखलात गुडघाभर रुतून त्यांनी मोडकी नाव ओढून काढली, आणि ओवाऱ्यावरची माणसं हसली. पिंपळथडीच्या वाळूवर उतारू हसले होते तशीच.

नाव सुटी करून शालिग्रामनं टेम्पोत चढवली. घरी आल्यावर होडकी भिंतीला टेकवली, शीड गुंडाळून माळ्यावर टाकलं आणि तोंड धुऊन कामावर गेला. बाप ओट्यावर होता. त्याच्याकडे त्यानं पाहिलंही नाही. बाप खरं बोलला होता, आणि ते खरं ठरवायला आपण दीड वर्ष मेहनत घेतली, असं त्याला वाटत होतं. कलाबाईला त्यानं सांगितलं की प्लाय विकून टाकू. त्या आठवड्यात कारखान्यातसुद्धा त्याचा कान चालेना.

दहाव्या दिवशी पाळीवरून आला तर बाप ओट्यावर नव्हता. होडक्याशेजारी जमिनीवर बसला होता आणि फाटलेल्या भोकात त्याचं बोट होतं. बाजूला शालिग्रामचाच पाना पडला होता, नाव मोडल्यापासून घरीच टाकलेला. अँगलचे उरलेले बोल्ट काढून त्यानं ओळीनं मांडून ठेवले होते. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी, चाचपून. त्याला सबंध दिवस लागला असणार.

"आबा, काय करी ऱ्हायनात?"

उखाबानं मान वर केली नाही. "हाई नाव नही शे," तो म्हणाला. "तू लूम बांधी."

 चिडायचं की रडायचं हे शालिग्रामला ठरवता येईना.

"दोन बैल जुंपतस," म्हातारा सावकाश बोलत होता, जणू दोरीच वळत होता. "तं जू त्यासना मानले खिळा ठोकीसन बसाडतस का कोनी? दोरीनं जोतं बांधतस. एक बैल पुढे व्हई, एक मांगे ऱ्हाई. चालू दे त्यासले. पानीबी तशेच करस. या होडीले उचलस, तिले बठाडस. त्यासले आपापलं उठूबठू दे. तू दोन्हीसना गळा धरा."

"मंग तुम्ही बोलनात का नही?" शालिग्रामचा आवाज चढला. "दीड साल समोर बठेल व्हतात. हात लावीसन दखा तुम्ही. हालत नही म्हने."

"हालतच नव्हतं," उखाबा म्हणाला. "तू इचारं का, आबा, कशी बांधू? तू इचारं, हालस का."

 शालिग्राम बापाशेजारी जमिनीवर बसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला बापाच्या सांगडीचा तो आवाज आठवला. दोऱ्यांचा कुरकुर आवाज, सतत, पार पलीकडे जाईपर्यंत. लहानपणी त्याला वाटायचं की सांगड जुनी झाली, खिळखिळी झाली, बापाला ती घट्ट करायला जमत नाही, आणि त्याची त्याला लाज वाटायची. ती गरिबी नव्हती. ती विद्या होती, आणि नकाशातल्या त्याच विद्येवर आपण पेन्सिलनं फुली मारली.

"कशी बांधू, आबा?" त्यानं विचारलं.

उखाबानं ओट्यालगतच्या आपल्या बाजेखाली हात घातला आणि दोरीचं एक वेटोळं काढलं. मग दुसरं, मग तिसरं. अंगठ्याएवढी जाड, पॉलिएस्टर वेस्टची, एकसारखी पिळलेली दोरी. एवढ्या जाडीची दोरी गल्लीत कुणाच्या झोळीला लागत नाही. कलाबाई दारात उभी होती. तिनं वर्षभर ती वळताना पाहिली होती आणि म्हातारा आता डोळ्यांनी जाड वळतो असं समजून गप्प राहिली होती.

पुढचे तीन आठवडे बापलेक रोज तासभर बसले. फाटलेल्या जागी प्लायचे तुकडे, वर रेझिन. लोखंडी अँगल भंगारात गेले. आडव्या दांड्यांखाली उखाबानं जुन्या टायरचे तुकडे घालायला लावले आणि वेढे घालायला शिकवलं, किती वेढे, कुठं आडवा पीळ, शेवटची गाठ कुठं म्हणजे ओली झाली तरी सुटेल. पहिल्यांदा शालिग्रामनं दात खाऊन ओढलं. बापानं त्याच्या मनगटावर चापट मारली, चाळिशीतल्या, मास्तर म्हणवणाऱ्या माणसाच्या, सबंध गल्लीदेखत. "दाबू नको." त्यानं ते सोडलं आणि परत घातलं. सुपडू बघत होता, पण हसला नाही.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खानदेशी माणसाचा हा मोठा सण, कामावर कुणी नसतं. सकाळी घागरीची पूजा झाली, पितरांना पुरणपोळी दाखवली. शालिग्राम बापाला विचारणार होता, पण न विचारताच होडकी टेम्पोत चढवायला लागला. उखाबानं स्वतःच पांढरं धोतर मागितलं, टोपी मागितली, आणि काठी घेऊन टेम्पोत पुढं सुपडूशेजारी जाऊन बसला. निघण्याआधी तो घरातल्या धान्याच्या डब्याशी काहीतरी करत होता. कलाबाईनं पाहिलं की गावाकडून आलेल्या दादरचा डबा त्यानं उघडला आणि धोतराच्या सोग्यात मूठ-दोन मुठी बांधून घेतल्या. नदीला वाहायला नेत असतील, असं तिला वाटलं.

ओवाऱ्यावर पोचल्यावर शालिग्राम आणि सुपडू होडकी दांड्यांना दोरीनं बांधेपर्यंत म्हातारा पायऱ्यांवर थांबला. बारा वर्षांनी नदी समोर होती आणि ती त्याला नीट दिसत नव्हती. त्यानं नाक वर केलं, वास घेतला. "खारं पानी शे आठलं," तो म्हणाला. मग कुणाचा हात न धरता पाण्यात उतरला, चाचपून जाळीवर चढला आणि मधोमध बसला. वल्ह्याच्या, सुकाणूच्या जागेकडे गेला नाही. उतारू बसायचे तिथं बसला.

शालिग्रामनं शीड चढवलं. पलीकडचा काठ गाठला, वळला, आणि परत निघाला तेव्हा ओहोटी लागली होती. त्यानं ती वेळ मुद्दाम धरली होती, ती चुकवून चाललं नसतं. त्याच लाटा आल्या. डावं होडकं उठलं, उजवं बसलं, दांडी तिरपी झाली आणि परत सरळ आली. सगळ्या वेढ्यांमधून कुरकुर सुरू झाली, आठही जोडांतून, एकसारखी. शालिग्रामचा हात सवयीनं खिशाकडे गेला. पाना तिथं होता. त्यानं तो तसाच राहू दिला आणि सुकाणूवरची पकड सैल केली, अगदी बोटांवर आली एवढी. नाव आपली आपण लाट बघून चढत होती. उखाबाचा एक तळवा दोरीच्या वेढ्यावर होता आणि दुसरा पाण्यात.  सबंध वाटेत एक शब्द नाही. शालिग्रामला भीती वाटू लागली की हा आताही काही बोलणार नाही, आणि मग आपण आयुष्यभर अंदाज करत बसू.

ओवाऱ्याला कलाबाई आणि सुपडू पाण्यात उतरून उभे होते. नाव लागली. शालिग्राम बापाला धरायला पुढं झाला, पण म्हाताऱ्यानं त्याचा हात बाजूला केला, स्वतः उतरला, आणि गुडघाभर पाण्यात वळून उभा राहिला.

"वंजय कर," तो म्हणाला.

कशाला, ते शालिग्रामला क्षणभर कळलं नाही. मग बापाची बोटं धोतराच्या सोग्याची गाठ सोडताना दिसली आणि त्यानं दोन्ही तळवे जोडून पुढं केले.  गाठ भिजली होती, तरी सुटली. उखाबानं सोगा उलटा केला आणि सगळी दादर मुलाच्या हातांत ओतली, एक दाणाही पाण्यात पडू न देता. मग काठी टेकत तो पायऱ्या चढून गेला, मागं न बघता.